दोन गाड्या, चार दिवस: झेड ६५० आणि ट्रायडंट ६६० घेऊन गोव्यात

फोंडा ते पणजी तीस किलोमीटर, परतीचे तीस. सात वर्षं मी हे अंतर रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० मोटरसायकलवर कापते आहे. गाडी प्रामाणिक आहे, तिने मला कधी वाटेत सोडलं नाही, पण आता मला मोठं इंजिन हवं आहे. गेली दोन वर्षं पैसे साठवले आणि मनात दोनच गाड्या ठेवल्या: कावासाकी झेड ६५० आणि ट्रायम्फ ट्रायडंट ६६०. दोन्ही नेकेड, म्हणजे अंगावर फेअरिंग, वारा अडवणारं आवरण, नाही, इंजिन उघडं, हँडल सरळ. शोरूमच्या दारातून चौकापर्यंत आणि परत अशा टेस्ट राइडवर एवढ्या मोठ्या रकमेचा निर्णय घ्यायला माझं मन तयार होईना.

सावंतवाडीचा माझा मावसभाऊ, आमचा दादा, २०२२ ची झेड ६५० चालवतो. आमच्या शेजारच्या डॉक्टरकाकांकडे २०२३ ची ट्रायडंट आहे. काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चार दिवस घेऊन जा. विकत घेतल्यावर पस्तावण्यापेक्षा बरं." दादाने रजा टाकली. डिसेंबरचा पहिला आठवडा ठरला, कारण तेव्हा पाऊस नसतो आणि सकाळी गारवा असतो.

दिवस पहिला: वाळपई, केरी, चोर्ला घाट

दादा आदल्या रात्रीच दोडामार्ग-डिचोली करत फोंड्याला पोचला होता. सकाळी सहाला दोन्ही गाड्या अंगणात शेजारी उभ्या केल्या आणि मी आधी वजनाचा विचार केला. झेड १९१ किलो, ट्रायडंट १८९. माझी क्लासिक १९५ किलोंची आहे. म्हणजे मी ज्या गाड्यांना 'मोठ्या' म्हणत होते त्या दोन्ही माझ्या रोजच्या गाडीपेक्षा हलक्या. क्लासिकची ताकद वीस हॉर्सपॉवर, झेडची ६८ आणि ट्रायडंटची ८१. आकडे कागदावर कधीचे पाठ होते, पण स्टँडवरून गाडी सरळ करताना हाताला ते पहिल्यांदा पटले.

उसगाव, गुळेली, वाळपई असा रस्ता धरला. मी ट्रायडंटवर, दादा मागे झेडवर. गुळेलीच्या आसपास अजून धुकं होतं. काजूच्या बागा, मधेच एखादं घर, घरापुढे स्पीडब्रेकर, पुढे वळणावर रस्त्यात बसलेली गुरं. गोव्यातल्या आतल्या रस्त्यांवर वेग तीस ते पन्नास एवढाच राहतो आणि तोही सतत बदलत असतो. इथे ट्रायडंटचं तीन सिलिंडरचं इंजिन मला इतकं आवडलं की वाळपईपर्यंत मी तिसऱ्या गिअरमधून जवळपास बाहेरच आले नाही. स्पीडब्रेकरला वेग पंचवीसवर यायचा, पलीकडे नुसती मूठ पिळायची, गाडी कुरकुर न करता उचलायची.

वाळपईला गाड्या बदलल्या. झेडवर तेच तिसऱ्या गिअरमध्ये करायला गेले तर अडीच हजार आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या, आसपास चेन हलके हलके झटके देऊ लागली. एक गिअर खाली टाकला की सगळं नीट. हा काही दोष नाही, इंजिनाच्या बांधणीतच ते आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनाचं एक चक्र क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत पुरं होतं. ट्रायडंटचे तीन सिलिंडर त्यात दर २४० अंशांना एक, अशा सारख्या अंतराने धक्का देतात. झेडच्या दोन पिस्टनांपैकी एक वर असतो तेव्हा दुसरा खाली असतो. त्यामुळे एक धक्का बसला की १८० अंशांवर दुसरा, आणि मग तब्बल ५४० अंश शांतता. इंजिन जोरात फिरत असताना ती शांतता जाणवत नाही. हळू फिरताना ती हँडलपर्यंत येते. दादा तीन वर्षं ही गाडी चालवतो आहे, त्याचा डावा पाय न सांगता दुसऱ्या गिअरवर जातो. मला ते शिकावं लागलं, आणि दोन तासांत अंगवळणी पडलंही.

केरीला पातळ भाजी-पाव आणि चहा झाला. हॉटेलातल्या काकूंनी भाजीवर आणखी एक पळी वाढली आणि आमच्या जॅकेटांकडे बघत विचारलं, "घाटात चाललात? सकाळी वर थंडी असेल हां." अंजुणे धरण डाव्या-उजव्या हाताला दिसत-लपत राहिलं आणि चढ सुरू झाला.

चोर्ला घाट मी लहानपणापासून ओळखते. आमचे बेळगावचे नातेवाईक याच वाटेने यायचे. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या हद्दी इथल्या डोंगरांत भेटतात. पण चांगल्या ब्रेकच्या, चांगल्या टायरच्या गाडीवर हा घाट मी पहिल्यांदाच चढत होते. चढताना झेड माझ्याकडे होती. तिच्या मागच्या टायरची रुंदी १६०, ट्रायडंटच्या १८०. ऐकायला वीस मिलिमीटरचा फरक, पण वळणात झेड कमी सांगण्यात आडवी होते. नजर वळणाच्या पलीकडे टाकली की गाडी त्या दिशेला निघालेली असते. दाट झाडीतली, पुढचं न दिसणारी वळणं एकामागून एक आली आणि प्रत्येक वेळी तिने मला बरोबर रेषेत ठेवलं. उतरताना मी ट्रायडंट घेतली. ती वळणात थोडी ठामपणे घालावी लागते, आणि एकदा घातली की हलत नाही. पुढच्या दोन ३१० मिलिमीटरच्या डिस्क दोन बोटांनी हव्या तेवढ्याच आवळता येतात.

वर सुर्लाजवळ थांबलो तेव्हा दादाने मला विचारलं, "तेरा घोडे जास्त आहेत त्या गाडीत. जाणवले का?"

खरं सांगायचं तर नाही. ८१ हॉर्सपॉवर मिळते ती १०,२५० आरपीएमला. झेडची ६८ मिळते ८,००० ला. घाटात आम्ही दोघंही सात हजारांच्या वर गेलो नाही. आणि टॉर्क, म्हणजे चढावर मूठ पिळल्यावर जी ओढ लागते ती, दोन्हीकडे सारखीच आहे, ६४ न्यूटन मीटर. फरक एवढाच की ट्रायडंटमध्ये ती खालपासून वरपर्यंत पसरलेली आहे आणि झेडमध्ये मधल्या भागात दाट आहे. कागदावर ८१ आणि ६८ वाचून जो निर्णय घेईल तो गोव्यात तरी चुकेल, हे माझं मत त्या दगडावर बसूनच पक्कं झालं.

दिवस दुसरा: करमल घाट, काणकोण आणि किनाऱ्याचा रस्ता

बोरीच्या पुलावर सकाळची गर्दी, मग मडगाव, कुंकळ्ळी, बाळ्ळी. हा भाग फार लिहिण्यासारखा नाही. बसच्या मागे राहायचं, ओव्हरटेक करायला जागा मिळाली की करायचं. एवढंच सांगते की ओव्हरटेकला दोन्ही गाड्यांवर पोटात गोळा येत नाही. क्लासिकवर मी बस ओलांडायच्या आधी समोरचा रस्ता तीनदा बघते.

बाळ्ळीनंतर करमल घाट लागतो. चोर्लापेक्षा छोटा, सखल, पण झाडी इतकी की सकाळी दहालासुद्धा हेल्मेटच्या काचेवर सावलीचे पट्टे धावतात. इथे वाहनांची ये-जा जास्त, त्यामुळे आम्ही हळूच गेलो. काणकोणच्या चाररस्त्यापासून माशेंपर्यंतचा बगलरस्ता मात्र रुंद आणि सरळ आहे, तळपण आणि गालजीबाग नद्यांवरून जातो. त्या रस्त्यावर कोणी नव्हतं. मी ट्रायडंटवर होते. तिथे एकदाच इंजिनाला मोकळं सोडलं. सहा हजारांच्या पुढे आवाज बदलतो. घरघर जाऊन एक लांब, चढता सूर येतो आणि गाडी अंगाखालून पुढे सरकते. काही सेकंदच. पुलाच्या अलीकडे वेग कमी केला, आणि छातीत धडधडत होतं ते आनंदाने. मी तो सूर विसरणार नाही. त्या क्षणी कोणी पावती पुढे केली असती तर मी सही केली असती.

दादा मागून आला, काच वर केली आणि म्हणाला, "ऐकलं मी. तीन सिलिंडरची ही खोड जुनी आहे." ट्रायम्फने ट्रायडंट हे नाव १९६८ मध्ये तीन सिलिंडरच्याच गाडीला दिलं होतं, आणि कावासाकीचा 'झेड' १९७२ च्या झेड १ पासून चालत आला, हे सगळं त्याने मला आगोंदपर्यंत प्रत्येक थांब्यावर थोडं थोडं सांगितलं. त्याला या इतिहासाची मनापासून ओढ आहे. ऐकताना मला मामाच्या गॅरेजमधले आमचे मे महिने आठवले. दादा तेव्हा पाना हातात घेऊन असाच बोलायचा, आणि मी दिवा धरून उभी असायची.

आगोंदला जेवलो. शीत, हुमण, तळलेला बांगडा, किसमूर, वर सोलकढी. मग खोलावरून काबो द राम, तिथून बेतूल. हा रस्ता अरुंद, चढउतारांचा, कडेला लाल जांभा, आणि डांबरावर डांबर घालून कडा इतकी वर आलेली की बाजूची माती चार-पाच बोटं खाली. याच पट्ट्यात दोन्ही गाड्यांचे शॉकअप तपासले गेले. ट्रायडंटचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा शॉकअप, शोवा कंपनीचा आणि उलट्या बांधणीचा आहे, डोकं शांत ठेवतो. मागचा शॉकअप मला कडक वाटला. माझं वजन ५६ किलो, त्यामुळे असेल. दादा ८२ किलोंचा, त्याला तोच शॉकअप बरोबर वाटला. झेड मऊ आहे. खड्डा पाठीपर्यंत येत नाही, पण एकामागून एक खड्डे आले की ती थोडी वरखाली होत राहते. तुमचं वजन माझ्याएवढं असेल तर इतरांनी लिहिलेलं 'सस्पेन्शन उत्तम' वाचून विश्वास ठेवू नका. लिहिणाऱ्याचं वजन आधी विचारा.

काबो द रामच्या तटावर अर्धा तास बसलो. खाली समुद्र, वर घारी. गाड्यांविषयी अवाक्षर न काढता बसलो, हे दोघांनाही मागाहून लक्षात आलं.

दिवस तिसरा: दिवाडीची फेरीबोट

हा दिवस मी मुद्दाम ठेवला होता. घाट वर्षातून चार वेळा होतो, फेरीबोट महिन्यातून दोनदा. माझी आत्या नार्व्याला राहते. पणजीहून कामावरून निघालं की जुन्या गोव्याला फेरीत चढायचं, दिवाडी बेट ओलांडायचं आणि दुसऱ्या फेरीने नार्व्याला उतरायचं, ही माझी आवडती वाट.

मार्दोळ, भोम, बाणस्तारी करत साडेआठला जुन्या गोव्याच्या धक्क्यावर पोचलो. मी ट्रायडंटवर.

ज्यांनी गोव्यातली फेरीबोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. धक्का म्हणजे नदीत उतरत गेलेला काँक्रीटचा उतार. भरती-ओहोटीप्रमाणे तो कमी-जास्त ओला असतो, खालच्या भागावर शेवाळ. बोट त्याला टेकते आणि लोखंडी फळी खाली पडते. आधी उतरणारे येतात, मग चढणारे जातात. चारचाकी मधे, दुचाक्या उरलेल्या फटींत. कोणी रांगेत नसतं तरी कोणी भांडतही नाही. पण एक होतं: तुमच्या पुढचा माणूस कुठे थांबेल ते सांगता येत नाही.

माझ्या पुढची चारचाकी नेमकी फळीच्या तोंडाशी थांबली. मी उतारावर, तोंड खाली, ओल्या काँक्रीटवर. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डाव्या पायाने तोल सांभाळायचा. ट्रायडंटची सीट ८०५ मिलिमीटर उंच आहे. माझी उंची पाच फूट तीन इंच. सपाट रस्त्यावर माझे चवडे टेकतात आणि त्याने काम भागतं. तिथे उतार डाव्या बाजूलाही थोडा कललेला होता. चवड्याच्या जागी फक्त बोटं टेकली, आणि बुटाखाली शेवाळ. गाडी डावीकडे जाऊ लागली. १८९ किलो एकदा कलले की हाताने थांबत नाहीत. मी हँडल घट्ट धरून ठेवलं होतं आणि पाय सरकत होता.

फेरीवरच्या खलाशाने दोन ढांगांत येऊन उजव्या हाताने हँडल आणि डाव्या हाताने मागची पकड धरली. "बाये, भियेव नाका," तो म्हणाला. गाडी सरळ झाली. त्याने बोटीत जाईपर्यंत हात सोडला नाही. मी त्याचे आभार मानले तेव्हा तो नुसता हसला आणि दोर सोडवायला गेला. पाणी ओलांडेपर्यंत माझी पोटरी थरथरत होती.

दादा एक शब्द बोलला नाही. दिवाडीवर उतरल्यावर त्याने माझ्याकडे झेडची चावी दिली आणि ट्रायडंट स्वतः घेतली.

बेटावर सकाळ तशीच नेहमीची. शेतांतून जाणारा उंचावलेला रस्ता, दोन्हीकडे पाणी, बगळे, पिएदादच्या टेकडीवरचं चर्च. त्या रस्त्यावर वेग चाळीस. झेड दुसऱ्या-तिसऱ्यात खेळवत नार्व्याच्या फेरीपर्यंत आले. इथला धक्का छोटा आणि उतार तसाच. यावेळी माझ्या पुढे मासळीच्या टोपल्या घेतलेली स्कूटर होती, तीही मधेच थांबली. मी पाय खाली टाकला. झेडची सीट ७९० मिलिमीटर. पंधरा मिलिमीटरचा फरक, माझ्या करंगळीच्या रुंदीएवढा. त्यात दोन सिलिंडरचं इंजिन अरुंद, टाकी आणि सीट जिथे मिळतात तो भाग निमुळता, त्यामुळे मांडी बाहेर फाकत नाही आणि पाय सरळ खाली जातो. पूर्ण चवडा आणि टाचेचा थोडा भाग टेकला. ओल्या काँक्रीटवर मी उभी राहिले, स्कूटर हलेपर्यंत, अगदी निवांत.

नार्व्याला आत्याकडे जायच्या आधी सप्तकोटेश्वराला गेलो. मूळ देऊळ दिवाडीवरच्या नार्व्यात होतं. पोर्तुगीजांच्या काळात ते गेलं आणि देव नदी ओलांडून या तीरावर आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. २०२३ मध्ये नव्याने डागडुजी होऊन ते पुन्हा खुलं झालं. आम्ही जी वाट फेरीने आलो तीच साधारण देवाची वाट, हे मी दर वेळी मनात म्हणते आणि दर वेळी अंगावर काटा येतो. दीपस्तंभापाशी दादा बराच वेळ उभा होता.

आत्याने जेवताना विचारलं, "मग कुठली घेणार?" आणि मी गप्प बसले. कारण मन ट्रायडंटच्या इंजिनात होतं आणि पाय झेडवर.

परतताना दादाने उपाय सुचवला. "अगं, सीटचा फोम कमी करून घे. कुशनवाला तासाभरात करून देईल." मी त्यावर विचार केला. वीस मिलिमीटर फोम काढला तर पाय टेकेल, पण मागचा कडक शॉकअप आणि पातळ फोम हे दोन्ही माझ्या ५६ किलोंखाली काबो द रामच्या रस्त्यावर काय करतील ते मला कालच कळलं होतं. शिवाय गुडघा जास्त दुमडेल. तुमची पाठ पंचविशीतली असेल तर जरूर करून बघा.

दिवस चौथा: तांबडी सुर्ला

शेवटचा दिवस छोटा ठेवला. सकाळी मोले, तिथून जंगलातून तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ. कदंबकाळातलं, काळ्या बेसाल्टचं. हा दगड आसपासचा नाही, लांबून आणलेला मानतात. मागे ओढा, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी माणसं अगदी तुरळक. देवळापेक्षा मी त्या रस्त्याविषयीच सांगते, कारण निर्णय तिथे झाला.

मोलेहून देवळाकडचा रस्ता अरुंद आहे. वळणावर समोरून बस आली. मी झेडवर, दादा मागे. बसला जागा द्यायची तर डांबर सोडून कडेच्या खालच्या मातीत उतरायला हवं. पुढचं चाक खाली उतरलं, मागचं डांबरावर राहिलं, गाडी तिरकी थांबली आणि माझा डावा पाय सुक्या पानांच्या खाली जमीन शोधत गेला. सापडली. बस गेली, ड्रायव्हरने हात केला. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी वर घेतली. सगळं मिळून दहा सेकंद. रोजच्या वाटेवर असं आठवड्यातून एकदा तरी होतं. बस, ट्रक, लग्नाची गाडी, गुरं. गोव्यात मी जेवढी गाडी चालवते तेवढीच थांबवते, आणि तीही बहुधा वाकड्या जागी.

ट्रायडंटचं इंजिन दोघांत सरस आहे, यात मला तिळभर शंका नाही. काकांच्या २०२३ च्या गाडीत रेन आणि रोड असे दोन मोड आणि ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा, हेही आहे. दादाच्या २०२२ च्या गाडीत यातलं काही नाही. झेडला ट्रॅक्शन कंट्रोल २०२३ च्या मॉडेलपासून आलं, म्हणून घेणाऱ्याने जुनी गाडी बघताना वर्ष तपासावं. तुमची उंची साडेपाच फुटांच्या पुढे असेल तर ट्रायडंट घ्या आणि माशेंच्या रस्त्यावर पहाटे जाऊन या. मी झेड घेते आहे.

फोंड्याला परतल्यावर दोन्ही टाक्या भरल्या आणि हिशेब केला. चार दिवसांत साधारण सव्वाचारशे किलोमीटर. झेडने लिटरला तेवीस दिले, ट्रायडंटने साडेएकवीस. पंधरा आणि चौदा लिटरच्या टाक्या, म्हणजे दोन्हीवर तीनशेच्या आत पंप गाठावा. संध्याकाळी अंगणात दोघांनी मिळून ट्रायडंट धुतली. चेनला तेल दिलं. काबो द रामची लाल माती मडगार्डच्या आतून काढायला जुना टूथब्रश लागला.

चावी द्यायला गेले तेव्हा डॉक्टरकाका ओसरीवर पेपर वाचत होते. फेरीचा प्रसंग मी त्यांना सगळा सांगितला, गाडी कलली होती हेही. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "पाय सरकला, गाडी नाही पडली ना? मग झालं." मग आत हाक मारून दोघांना चहा टाकायला सांगितला. दादा तोवर फाटकाशी झेडवर सामान बांधत होता. त्याला रात्रीच्या आत सावंतवाडी गाठायची होती.